काउंटरवरच्या पोराला कायद्यात जागा द्या

मेडिकलमध्ये फार्मासिस्ट हजर पाहिजे की नको यावर आपल्याकडं वाद सुरू झाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे मेडिकलवाले सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन धंदा करतात, छापे टाका, लायसन्स रद्द करा, शटर खाली ओढा. दुसरा म्हणतो, आमच्या काउंटरवरचं पोरगं वीस वर्षं औषधं देतंय, काल डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) होऊन आलेल्यापेक्षा त्याला जास्त कळतं, फार्मासिस्ट म्हणजे भिंतीवर लावलेला कागद. मी स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, सोलापुरातच काउंटरमागं उभा राहून काम केलंय, आणि हा वाद ऐकताना मला दर वेळी एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे ज्या पोरावरून एवढं भांडण चाललंय त्या पोराबद्दल दोघांपैकी कुणीच बोलत नाही. पहिल्याला तो दिसला की गुन्हा दिसतो, दुसऱ्याला तो दिसला की पगारात झालेली बचत दिसते. माझं म्हणणं सरळ आहे. फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजेच, त्यात सवलत नको. पण त्याच्या शेजारी उभं राहून रॅकमधनं स्ट्रिप काढणारा, कात्रीनं चार गोळ्या कापून देणारा, बिल करणारा जो सहायक आहे त्यालाही कायद्यानं ओळखलं पाहिजे, शिकवलं पाहिजे, त्याची नोंदणी केली पाहिजे, आणि त्यानं काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे लिहून दिलं पाहिजे. हे होत नाही तोवर फार्मासिस्टच्या हजेरीचा नियम इन्स्पेक्टर येईल त्या दिवसापुरताच राहणार.

आधी कायदा नेमकं काय म्हणतो ते बघू, कारण निम्मं भांडण तो न वाचताच चाललेलं असतं. फार्मसी कायदा १९४८ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणं डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं किंवा देणं हे रजिस्टर्ड फार्मासिस्टचंच काम. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याचे नियम १९४५ चे, त्यातला नियम ६५ म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टनं स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. आता हे ‘देखरेखीखाली’ म्हणजे कुणी दिलं जावं? दुसरा कुणीतरी माणूस तिथं आहे हे कायद्यानं गृहीत धरलंय ना? मग तो माणूस दहावी पास पाहिजे का, वय किती पाहिजे, त्याला किती दिवस शिकवायचं, एका फार्मासिस्टच्या हाताखाली असे किती जण चालतील, शेड्यूल एचची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या यादीतली गोळी त्यानं काढली तर पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी ती कुणी तपासायची, याचं उत्तर सापडत नाही. २०१५ साली फार्मसी कौन्सिलनं प्रॅक्टिसचे नियम काढले, त्यात फार्मासिस्टनं ॲप्रन घालावा, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबरचा बिल्ला लावावा, पेशंटला औषध समजावून सांगावं असं सगळं आहे आणि ते चांगलंच आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं, म्हणजे वरच्या पिढीतली अँटिबायोटिक, टीबीची औषधं, सवय लावणारी औषधं अशा ४६ औषधांसाठी वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. हे रजिस्टर दुकानात प्रत्यक्षात कोण भरतं? बऱ्याच ठिकाणी तेच पोरगं भरतं, आणि आपण हे का लिहितोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता यात लोकांचं काय जातं ते सांगतो, कारण हा काही आमच्या धंद्यातल्या मानपानाचा वाद नाही. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे, आमवाताला देतात, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर रक्त तयार करणारी हाडातली अस्थिमज्जाच बंद पडते, तोंडात फोड येतात, माणूस दगावू शकतो, आणि असं होतं हे जगभर नोंदलेलं आहे. काउंटरवर ही गोळी देताना ‘बाई, ही फक्त दर सोमवारी, रोज नाही’ एवढं एक वाक्य बोललं गेलं पाहिजे. दुसरं उदाहरण तर आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यातलं आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर घामानं भिजलेला कामगार जांघेतलं गजकर्ण घेऊन मेडिकलमध्ये येतो, चिठ्ठी नसते, आणि त्याला स्टिरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमाची ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज थांबते, तो खूश, दुकानदार खूश, आणि महिन्याभरात तेच गजकर्ण दुप्पट पसरून येतं कारण स्टिरॉईडनं कातडीची प्रतिकारशक्ती दाबलेली असते. स्टिरॉईडची चौदा मलमं २०१८ साली शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, पण ती बातमी ट्यूब देणाऱ्या हातापर्यंत पोचवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. सरकारनं गॅझेट काढलं, डीलरनं मालकाला सांगितलं असेल नसेल, आणि पोरगं आधी जे देत होतं तेच देत राहिलं. विडी कामगार बायकांची पाठ आणि गुडघे दिवसभर एका जागी बसून धरलेले असतात, त्या दर आठवड्याला ‘दुखण्याच्या गोळ्या द्या’ म्हणून येतात, त्यातल्या कुणाला बीपी आहे, कुणाची किडनी आधीच नाजूक आहे, कुणाला ॲसिडिटीनं रक्त पडलंय, हे विचारायला दोन प्रश्न पुरतात. ते दोन प्रश्न विचारायचे असतात हे काउंटरवर उभ्या माणसाला माहीत आहे का?

‘छापे टाका’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही, ते आधी मान्य करतो. सर्टिफिकेट भाड्यानं देणं ही फसवणूक आहे आणि ती आमच्याच व्यवसायातले लोक करतात. नाव दुकानावर, माणूस दुसऱ्या गावात एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) किंवा कुठल्यातरी नोकरीत, आणि महिन्याला घरबसल्या पाकीट. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं बिहारच्या एका प्रकरणात बनावट आणि नोंदणी नसलेल्या फार्मासिस्टांना मोकळं सोडणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे असं राज्य सरकार आणि राज्याची फार्मसी कौन्सिल दोघांनाही बजावलं. कलम ४२ मोडल्याबद्दल दंड इतकी वर्षं १००० रुपयांपर्यंत होता, सोबत सहा महिन्यांपर्यंत कैद, तो २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं दोन लाखांपर्यंत नेला आणि कैद तीन महिन्यांपर्यंत आणली. राज्याच्या कौन्सिलला रजिस्टरमधनं नाव काढायचा अधिकार कलम ३६ नं आहेच. म्हणजे हत्यारं नाहीत असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्रात तर महेश झगडे एफडीए (अन्न व औषध प्रशासन) आयुक्त असताना २०१२-१३ च्या सुमारास ही हत्यारं चालवूनही बघितली गेली, फार्मासिस्ट नाही तर औषध नाही, बिल नाही तर कारवाई, आणि केमिस्ट संघटनांनी दुकानं बंद ठेवून विरोध केला. त्या मोहिमेनं फरक पडला, बिल मागितलं तर मिळायला लागलं, शहरातल्या बऱ्याच दुकानांत फार्मासिस्ट दिसायला लागला, आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण मोहीम ही मोहीम असते, तिला अधिकारी लागतो, आणि अधिकाऱ्याची बदली होते. इन्स्पेक्टर येतो तेव्हा तो बघतो की फार्मासिस्ट खुर्चीत आहे का. खुर्चीत बसलेला फार्मासिस्ट मोबाईल बघतोय आणि सगळी चिठ्ठी शेजारचं पोरगं काढतंय, तरी इन्स्पेक्टरच्या हिशोबानं सगळं ठीक. खुर्ची भरली म्हणजे पेशंट सुरक्षित झाला का?

त्यात तासांचा एक हिशोब आहे, तोही कुणी मांडत नाही. मेडिकल सकाळी आठला उघडतं आणि रात्री अकराला बंद होतं, सिव्हिलच्या आसपासची तर त्याहून जास्त. पंधरा तास झाले. लायसन्सवर फार्मासिस्ट बहुतेक ठिकाणी एकच. तो जेवायला जाणार, लघवीला जाणार, कधी पोराला शाळेतनं आणणार की नाही? मालक स्वतःच फार्मासिस्ट असेल तर दुपारी काउंटरवर बायको किंवा भाऊ बसतो, आणि त्या वेळेत चिठ्ठीवरचं एक औषध दिलं गेलं की नियम मोडला. प्रामाणिक माणसालाही रोज मोडावा लागेल असा नियम असला की हळूहळू कुणालाच तो मोडायचं काही वाटेनासं होतं, आणि मग दुपारी तासभर जेवायला गेलेला आणि वर्षभर दुकानात पाऊलही न टाकलेला दोघं एकाच ओळीत बसतात. छोट्या दुकानदाराचं रडगाणं खोटं नाही. सरकारी किंमत नियंत्रणातल्या औषधांवर त्याला १६ टक्के मार्जिन मिळतं, त्यात भाडं, वीज, फ्रिज, एक्सपायरीचा माल, आणि वर दुसरा फार्मासिस्ट कुठनं ठेवायचा? मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या एखाद्या गावातलं एकुलतं मेडिकल या कारणानं बंद पडलं तर तिथल्या म्हातारीला इन्सुलिनसाठी एसटी पकडावी लागेल, हे मला मान्य आहे.

पण मग त्यावर उत्तर काय, तर नियमच सोडून द्यायचा? ब्रिटनमध्ये हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी २००८ चे नियम करून १ ऑक्टोबर २००९ पासून असं ठरवलं की त्या दिवसाचा जबाबदार फार्मासिस्ट ठरलेला असेल, त्याचं नाव लावलेलं असेल, त्याची नोंद रोज होईल, आणि तो दिवसातनं जास्तीत जास्त दोन तास बाहेर असला तरी दुकान उघडं राहू शकेल, फक्त त्या वेळेत चिठ्ठीची औषधं द्यायची नाहीत, साध्या यादीतली द्यायची. आणि तिथं मागं उभा असलेला टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टचा शिकलेला सहायक, हा १ जुलै २०११ पासून नोंदणी केल्याशिवाय ते नाव लावूच शकत नाही, त्याचं रजिस्टर फार्मासिस्टच्याच कौन्सिलकडं असतं. म्हणजे त्यांनी फार्मासिस्टला जेवायला जायची मोकळीक दिली ती त्याच्या मागं थांबणाऱ्याला बांधून घेऊन दिली. आपल्याकडं दोन तासांची मोकळीक मागणारे पुष्कळ आहेत, मागं थांबणाऱ्याला बांधून घ्या म्हणणारा मला तरी फारसा भेटलेला नाही. आपल्याकडं तर चिठ्ठीशिवाय विकायच्या साध्या औषधांची म्हणून वेगळी यादीच कायद्यात नाही, जे कुठल्याच शेड्यूलमध्ये नाही ते साधं असं आपण धरून चालतो. पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याचं साधं औषध, बँडेज, एवढी यादी करायला कितीसा वेळ लागतो?

आता दुसऱ्या बाजूकडं वळू, अनुभववाल्यांकडं. यांचंही खरं आहे ते आधी. काउंटरवर पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं, कुठलं औषध कुठल्या रॅकला, कुठल्या कंपनीची स्ट्रिप कशी दिसते, कुठल्या डॉक्टरला सकाळी फोन केला तर उचलतो, सगळं पाठ असतं. डी.फार्म दोन वर्षांचा कोर्स आणि वर ५०० तासांचं ट्रेनिंग, आणि ते ५०० तास कित्येक ठिकाणी सहीपुरतेच होतात हे आमच्या व्यवसायानं मान्य करायला पाहिजे. कौन्सिलनं २०२२ मध्ये डी.फार्मनंतर एक्झिट परीक्षेचे नियम आणले ते उगाच नाही आणले. पण अनुभव माणसाला काय शिकवतो? जे परत परत समोर येतं तेच शिकवतो. हजारदा दिलेलं औषध हाताला पाठ होतं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असलेल्या बाईनं गर्भनिरोधक गोळी मागितली तर ती गोळी नीट काम करणार नाही, हे वीस वर्षांच्या अनुभवानं कळत नाही, कारण ती बाई परत येऊन ‘तुमच्या काउंटरवर चूक झाली’ असं सांगत नाही, तिला स्वतःलाच ते कळत नाही. काउंटरवरच्या बहुतेक चुका काउंटरवर परत येत नाहीत, त्या घरी किंवा दवाखान्यात उमटतात. म्हणून अनुभवाला शिक्षणाची जोड लागते, आणि तीच त्या पोराला आपण नाकारतोय. त्याला सगळं येतं असं कौतुक करणारे मालक त्याला कुठल्या कोर्सला पाठवतात का? कौतुक फुकट असतं, फी भरावी लागते.

इतिहासात मागं गेलं तर हा पेच नवा नाही, आणि सोडवायची रीतही नवी नाही. १९३० साली सरकारनं कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली, कारण बाजारात भेसळीची आणि कस नसलेली औषधं सर्रास विकली जात होती आणि ती देणाऱ्यांसाठी ना शिक्षण होतं ना नोंदणी. १९३१ ला अहवाल आला, कायदा करा, औषध देणाऱ्यांना शिकवा, त्यांची नोंदणी करा. औषधांचा कायदा १९४० ला झाला, पण माणसांचा कायदा व्हायला १९४८ उजाडलं. तोवर देशभर औषधं कोण देत होतं? कंपाउंडर. डॉक्टरच्या दवाखान्यात बाटलीवर कागदाची पट्टी डकवून खुराक दाखवणारे कंपाउंडर, कुठलीच पदवी नसलेले. १९४८ च्या कायद्यानं त्यांना गुन्हेगार ठरवलं नाही. पहिलं रजिस्टर करताना त्यांच्यासाठी वाट ठेवली, दवाखान्यात पाच वर्षं औषधं बनवण्याचं काम केलेल्याला त्या रजिस्टरमध्ये यायची सोय होती, आणि पुढच्यांसाठी शिक्षण सक्तीचं केलं. कलम ४२ सुद्धा एका रात्रीत लागू झालं नाही, राज्यांना तारीख ठरवायला मुभा दिली, आणि ज्यांनी ती ठरवलीच नाही त्यांच्यासाठी १९७६ च्या दुरुस्तीपासून मोजून आठ वर्षांची मुदत घालून दिली. यातनं दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही सांगायला पाहिजेत. आत घेऊन शिस्त लावता येते ही एक. आणि मुदत ढिली ठेवली तर सुधारणा तीन-तीन दशकं रेंगाळते ही दुसरी. म्हणून सहायकांना आत घ्यायचं ते ठराविक तारखेच्या आत, परीक्षा घेऊनच, आणि त्या तारखेनंतर बिल्ला नसलेला हात औषधाला लागणार नाही अशा अटीवर.

इथं माझेच व्यवसायबंधू चिडतात. म्हणतात, तू मागचं दार उघडतोयस, आज सहायक म्हणून घेतलेला उद्या आंदोलन करून फार्मासिस्ट होईल. भीती निराधार नाही, आपल्या राज्यात कुठला संवर्ग कधी कुठं मर्ज होईल सांगता येत नाही. पण नर्सिंगकडं बघा की. एएनएम (सहायक नर्स) आहे, जीएनएम (पूर्ण नर्स) आहे, दोघींचे कोर्स वेगळे, नोंदणी आहे, कामं ठरलेली आहेत, आणि एएनएम असल्यामुळं जीएनएमची किंमत कमी झाली नाही. गावातली आशाताई बघा. २००५ पासून सरकार तिच्या हातात औषधांची पेटी देतंय, ओआरएस, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या, कित्येक ठिकाणी टीबीच्या पेशंटला समोर बसवून गोळ्या खायला लावायचं कामही तीच करते. तिचं शिक्षण किती हे विचारून कुणी तिच्या हातातनं पेटी काढून घेत नाही, कारण तिला ट्रेनिंग दिलंय आणि पेटीत काय असणार हे ठरलंय. म्हणजे कमी शिकलेल्या माणसाच्या हातात औषध द्यायचं नाही हे आपलं तत्त्व कधीच नव्हतं. मर्यादा ठरवून द्यायची हे तत्त्व होतं. मग झेडपीच्या गावात जे चालतं ते सोलापूर शहरातल्या सात रस्त्यावरच्या दुकानात का चालू नये?

आणि सहायकाच्या हातून चूक झाली तर? होते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २००६ साली एमिली नावाची दोन वर्षांची मुलगी गेली, कॅन्सरच्या औषधाची पिशवी टेक्निशियननं कितीतरी पट तीव्र मिठाच्या पाण्यात बनवली आणि फार्मासिस्टनं ती नीट न तपासता पुढं सोडली. तुरुंगात फार्मासिस्ट गेला. त्या राज्यात तेव्हा टेक्निशियनला ना परीक्षा होती ना नोंदणी, म्हणजे आपल्याकडच्या काउंटरवरच्या पोरासारखीच त्याची कायद्यातली जागा होती, कुठंच नाही. यावर तिथल्या लोकांनी टेक्निशियन बंद करा असं म्हटलं नाही. २००९ ला त्या मुलीच्या नावानं कायदा केला आणि टेक्निशियनला पात्रता सक्तीची केली. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा तपासणीचा वाटतो. सहायकानं काढायचं, फार्मासिस्टनं चिठ्ठीशी ताडून बघायचं, मग पिशवी पुढं. दोन माणसांचे चार डोळे. आज आपल्याकडं फार्मासिस्ट एकटा असेल तर काढतोही तोच आणि तपासतोही तोच, आणि नसेल तर तपासतं कुणीच नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो तरुण फार्मासिस्टांकडनं येतो. इतकी डी.फार्म, बी.फार्म पोरं तुटपुंज्या पगारावर राबतायत, मग सहायकाला मान्यता कशाला, तेवढ्याच जागा आम्हाला द्या की. यांचं दुःख मला आतनं माहीत आहे. पण पगार का तुटपुंजा आहे याचा विचार करा. मालकाला लायसन्ससाठी एक कागद लागतो आणि प्रत्यक्ष कामासाठी कितीही बिनशिक्षणाची माणसं ठेवायला मोकळीक आहे. म्हणून तो कागदापुरते पैसे देतो. तुमची सही त्याला लागते, तुमचं ज्ञान त्याला लागत नाही. ज्या दिवशी कायदा म्हणेल की बिल्लाधारी सहायकाला शेड्यूल एच-१ आणि त्याहून कडक असलेल्या शेड्यूल एक्सच्या औषधांना हात लावता येणार नाही, चिठ्ठीतलं औषध बदलता येणार नाही, फार्मासिस्टनं तपासल्याशिवाय चिठ्ठीची पिशवी पुढं जाणार नाही, आणि एका फार्मासिस्टमागं ठरलेल्या संख्येहून जास्त सहायक चालणार नाहीत, त्या दिवशी मालकाला तुम्ही खरोखर लागाल, तासातासाला लागाल. सहायकाच्या कामाला कुंपण घातलं की कुंपणाबाहेरचं सगळं आपोआप फार्मासिस्टचं होतं. आज कुंपणच नाही म्हणून सगळं रान मालकाचं आहे. आपल्याकडं मेडिकलचा मालक कुणीही होऊ शकतो, त्यामुळं पगारी फार्मासिस्टला ‘हे औषध चिठ्ठीशिवाय देणार नाही’ असं म्हणायची ताकद नसते, संध्याकाळी नोकरी जाईल. म्हणून जबाबदारी तिघांत वाटली पाहिजे, सहायकानं मर्यादा मोडली तर सहायक, तपासलं नाही तर फार्मासिस्ट, आणि दोघांवर दबाव आणला तर मालक.

जाता जाता ऑनलाईन फार्मसीबद्दल एक. २०१८ पासून मसुदा पडून आहे आणि आमच्या संघटना म्हणतात की ऑनलाईनमध्ये फार्मासिस्ट पेशंटसमोर नसतो म्हणून ते धोक्याचं. मुद्दा मला पटतो. पण तो मांडायचा हक्क टिकवायचा असेल तर आपल्या दुकानात फार्मासिस्ट पेशंटसमोर असला पाहिजे ना? डॉक्टरांचंही तसंच आहे, स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची त्यांना कायद्यात सूट आहे, पण कित्येक क्लिनिकमध्ये ती सूट कंपाउंडरच वापरतो, त्यालाही हेच ट्रेनिंग लागू झालं पाहिजे.

सोलापूरसाठी मला या सगळ्यात एक गोष्ट जास्त जवळची वाटते. २०१५ चे नियम म्हणतात पेशंटला औषध समजावून सांगा. कुठल्या भाषेत? अशोक चौकात, पूर्व भागात, विडी घरकुलात येणारी आजी घरात तेलुगू बोलते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडनं सिव्हिलला आलेला माणूस कन्नडमध्ये दुखणं सांगतो. फार्मासिस्ट बार्शीचा किंवा सांगोल्याचा असेल तर त्याला यातलं काहीच येत नाही, आणि तेव्हा मध्ये कोण बोलतं? तेच पोरगं. ‘पोद्दुन ओकटी, रात्रि ओकटी’ असं सांगून सकाळी एक, रात्री एक हे त्या आजीच्या डोक्यात बसवतं. म्हणजे कायद्यानं फार्मासिस्टवर टाकलेलं समजावून सांगायचं कर्तव्य आपल्या शहरात प्रत्यक्षात नोंदणी नसलेल्या, न शिकवलेल्या माणसाच्या तोंडून पुरं होतंय. त्याला ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ यात औषधाच्या दृष्टीनं काय फरक पडतो हे कळलं तर ती आजी वाचेल. त्याला फक्त गुन्हेगार म्हणून दुकानातनं हाकललं तर आजी आणि फार्मासिस्ट काचेच्या दोन बाजूंना एकमेकांकडं बघत उभे राहतील.

वेळही अनुकूल आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या जागी राष्ट्रीय फार्मसी आयोग आणायचा मसुदा केंद्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये काढला. कौन्सिल जाऊन आयोग आला, पाट्या बदलल्या, आणि काउंटरवरचं पोरगं तिथंही कुठंच नसलं तर आपण पुढची पन्नास वर्षं हाच वाद घालू. त्या नव्या कायद्यात सहायकाचं वेगळं रजिस्टर पाहिजे, नाव ‘फार्मासिस्ट’च्या जवळपास जाणारं नको, बिल्ल्याचा रंग वेगळा, सहा महिन्यांचा कोर्स, परीक्षेत खऱ्या चिठ्ठ्या आणि खऱ्या स्ट्रिपा समोर ठेवून तोंडी प्रश्न, आणि ते प्रश्न मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत तो पेशंटशी बोलतो त्या भाषेत. जुन्या माणसांना परीक्षेच्या दोन संधी द्या, तीन वर्षांची मुदत द्या, पण मुदतवाढ देऊ नका.

आणि यातला शिकवण्याचा भाग सुरू करायला दिल्लीची वाट बघायचीही गरज नाही. देखरेखीखाली काम करणाऱ्याला शिकवू नये असं कुठल्याच नियमात म्हटलेलं नाही. जिल्ह्यात फार्मसीची कॉलेजं आहेत, शिकवणारे आहेत, केमिस्टांची संघटना आहे, एफडीएचं ऑफिस आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार सोलापुरात मेडिकलवर माशी हलत नाही. त्या दोन तासांत आठवड्यातनं एक दिवस एच-१ ची यादी, स्टिरॉईडची मलमं, आठवड्यातनं एकदा घ्यायच्या गोळ्या, फ्रिजमध्ये ठेवायची औषधं, आणि ‘हे मी देऊ शकत नाही, साहेबांना विचारतो’ हे वाक्य न लाजता कसं म्हणायचं, एवढं शिकवायला सुरुवात करता येते. पगार न कापता पोराला पाठवायला तयार असलेले मालक मला आधी पाहिजेत, खोली कुठलंही कॉलेज देईल.